नव्या खेळाची बातमी

मनकर्णाबाईंच्या यंत्रावरची तार पुन्हा तुटली, तेव्हा रत्नमालाने हात लांबवून बटण बंद केले. गरगरणारा बॉबिन हळू होत थांबला. केसाएवढी बारीक तांब्याची तार टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिली. ती उचलायला मनकर्णाबाई वाकल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसल्या होत्या.

"राहू द्या मावशी, मी जोडते."

"जोडून काय उपेग? परत तुटंल."

"तुटली तर परत जोडू."

रत्नमालाने तारेचे टोक दिव्याखाली धरले. एरवी मनकर्णाबाईंच्या यंत्रावर अख्खा दिवस तार तुटत नसे. आता सकाळपासून सारखे हेच चालले होते, आणि कारण शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होते. दाराशी भरलेल्या पेट्यांची थप्पी खिडकीच्या वर गेली होती आणि माल न्यायला येणारा बन्सीचा टेंपो कित्येक दिवसांत आला नव्हता.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही शेड तशी लहानच. इथे विजेची कॉइल गुंडाळली जाई, पिनबॉलच्या मशीनसाठी. काचेखाली तिरकी लाकडी फळी, तिच्यावर रंगीत दिवे आणि खांब, खालच्या टोकाला दोन पाती. खेळणाऱ्याने कडेचे बटण दाबले की पाती उसळून स्टीलची गोळी वर भिरकावतात. पात्यांना तो झटका देणारी कॉइल रत्नमालाच्या हाताखालच्या बायका गुंडाळत आणि ती पेट्यांत भरून सातासमुद्रापार एका कंपनीकडे जाई. बायका त्याला गोळीचा खेळ म्हणत. कुणी तो खेळताना मात्र त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिले होते.

मोबाइल तनुजाचा. तनुजा पिशोर गावची, शहरात मामाकडे राहून इथे कामाला लागलेली. तिने इंटरनेटवर या खेळाच्या शौकिनांचा कट्टा हुडकून काढला होता. कोणती कंपनी नवा खेळ काढणार, कुणाचे काम अडले, कोण कुणाला विकत घेणार, याच्या बातम्या आणि अफवा तिथे दिवसरात्र चालत. तनुजा त्या फोनवरच मराठीत करून जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवी. फोन 'फ्लिपर' म्हणजे पात्यांना माशाचे पर म्हणे आणि नवा खेळ 'रिलीज' व्हायचा असला की 'खेळाची सुटका होणार' म्हणे. बायका पोट धरून हसत.

गेल्या आठवड्यापासून हसणे बंद झाले होते. "कंपनीने पुष्कळ कामगारांना जाऊ दिले," असे तनुजाने वाचले, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "सुट्टी दिली आसंल."

"नाय मावशी. काढून टाकलं."

ती कंपनी म्हणजे यांची कॉइल घेणारीच कंपनी. दुसरे गिऱ्हाईक या शेडला नव्हते.

रत्नमालाने तार जोडून दिली. मनकर्णाबाईंनी बॉबिनला हात लावला नाही.

"रत्ना, खरं सांग माय. तुझं आत-बाहेर जाणं आसतं. काय हाय सरांच्या मनात?" त्यांनी पदराचे टोक हातात घेतले. "नातीचं, संस्कृतीचं नर्सिंग अजून पुरं व्हायचंय. तिचा बाप आसता तर मी इचारलं नसतं."

रत्नमालाने केबिनकडे पाहिले. मालक शिवराज काचेआड पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. तो काय बोलतोय हे तिला ऐकू येत नव्हते. त्याने महिनाभरात तिला काहीही सांगितले नव्हते. पण आजूबाजूची यंत्रे एकेक करून मंद झाली होती आणि टेबलांवरची डोकी वर झाली होती.

"नवीन खेळ यायलाय म्हणं," ती म्हणाली. "त्याचं काम आपल्याकडंच येणार. सर त्याच्याबद्दलच बोलायलेत."

ती असे काही म्हणणार आहे, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते. मनकर्णाबाईंनी पदराने डोळे टिपले, तारेचे टोक बॉबिनच्या खाचेत बसवले आणि बटण दाबले. संध्याकाळपर्यंत तार एकदाही तुटली नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले, तोच तनुजाने फोन सगळ्यांच्या मधोमध धरला. "हे बघा, काय चाललंय."

तिने त्या कट्ट्यावर लिहिले होते: मी भारतात कॉइल गुंडाळते. आमच्याकडे नव्या खेळाचे काम येणार आहे. खाली उत्तरांची रांग लागली होती. कुणी आनंदाने ओरडल्यासारखे लिहिले होते, कुणी पुरावा मागितला होता, कुणी खेळात कोणते चित्र असेल याच्या पैजा लावल्या होत्या. कंपनी बुडणार म्हणणाऱ्यांना लोक फैलावर घेत होते. एकाने तर 'भारतातल्या कारखान्याकडून दुजोरा' असा मथळाच दिला होता.

बायका पुन्हा हसू लागल्या. "आपण कारखाना व्हय गं!" कुणीतरी म्हणाले.

रत्नमालाने घास खाली ठेवला. "कशाला टाकलंस गं हे?"

"का ताई? खोटं हाय का?"

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मनकर्णाबाई लोणच्याची फोड तिच्या डब्यात ठेवता ठेवता थांबल्या होत्या.

"नाय," रत्नमाला म्हणाली. "पण सरांनी सांगितल्याबिगर..."

"सर कशाला रागावतेत? चांगलीच बातमी हाय ना!" तनुजाने फोन छातीशी धरला. "आन् मी बिडकीनला नाय म्हणून कळवलं. आता हितंच काम हाय तर तिकडं कशाला मरू?"

बिडकीनच्या नव्या वसाहतीत विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारी करणारा कारखाना उभा राहिला होता. तिथे तनुजाची निवड झाली होती. त्या दिवशी तिने सगळ्यांना कचोरी खाऊ घातली होती.

रत्नमाला डब्याला झाकण लावू लागली. ते नीट बसेना. तिने ते तसेच ठेवले आणि हात धुवायला उठली.

सोमवारी शिवराज केबिनमधून बाहेर आला तो पेढ्यांचा खोका घेऊन. त्याच्या घरची बिडकीनकडची शेती औद्योगिक पट्ट्यात गेली होती. त्या पैशांतून भावांनी बंगले बांधले, याने ही शेड घातली. तो फारसा बोलणाऱ्यांतला नव्हता. आज मात्र त्याचा शर्ट नवा होता.

"ताई, सगळ्यांना बोलवा जरा."

यंत्रे थांबली. बायका हात पुसत जमल्या.

"काल रात्री डेनिसचा फोन आला होता," तो म्हणाला. डेनिस म्हणजे त्या कंपनीत खरेदी पाहणारा. एकदा तो इथे येऊन गेला होता आणि मनकर्णाबाईंच्या डब्यातली भाकरी मागून घेऊन त्याने खाल्ली होती. "नवीन खेळ येतोय. बातमी तिकडूनच आहे, म्हणजे आता पक्की समजा. वाळूजच्या व्हॉल्व्हवाल्यांचं कॉइलचं काम आपल्याकडे येत होतं, त्यांना मी सकाळीच नाही म्हणून सांगितलं. दोन्ही पेलायची नाहीत आपल्याला."

टाळ्या वाजल्या. तनुजाने शिटी मारली. मनकर्णाबाईंनी अर्धा पेढा रत्नमालाच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "तू पहिल्यांदा सांगितलंस माय. तुझ्या तोंडात पहिला."

रत्नमाला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. यंत्रे सुरू झाल्यावर ती केबिनच्या दाराशी गेली. आत जाण्याआधी तिने चपला काढल्या. एरवी ती काढत नसे.

"सर, डेनिसला कुणी सांगितलं?"

शिवराज खोक्यातले उरलेले पेढे बशीत काढत होता. "त्यांच्या वरच्यांनी सांगितलं असणार. का?"

"ते काय म्हणाले? म्हणजे कसं म्हणाले?"

"म्हणाला, नव्या खेळाचं ऐकलं, तुमच्याकडे काम सुरू झालं का?"

"मग तुमी?"

"म्हटलं, तयारी चालू आहे." त्याने वर पाहिले. "आपल्याला माहीतच नाही असं कसं म्हणायचं? काय झालं ताई?"

"सर, ते त्यांनी तनुजानं फोनवर लिहिलेलं वाचलं. तनुजानं माझं ऐकलं." ती दाराची चौकट धरून बोलत होती. "मला कुणीच सांगितलं नव्हतं. मावशी रडायल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी बोलले."

शिवराजच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"परत सांगा."

तिने परत सांगितले. या वेळी पहिल्यापासून, काही न गाळता. तो ऐकत असताना त्याने पेढा खोक्यात ठेवला, बशीतले पेढेही एकेक करून खोक्यात ठेवले आणि झाकण लावले.

"म्हणजे तो मला बातमी देत नव्हता," तो सावकाश म्हणाला. "विचारत होता. त्याला तिथं कुणी काही सांगत नाही, म्हणून त्याने मला विचारलं. आणि मी हो म्हणालो."

काचेपलीकडे कुणीतरी मोठ्याने हसले. शिवराजने तिकडे पाहिले नाही. त्याने फोन उचलून वाळूजला लावला. रत्नमालाला एकाच बाजूचे बोलणे ऐकू येत होते. "हो... सकाळीच बोललो होतो... अच्छा. लगेच दिलं?... नाही, नाही, तुमचं बरोबर आहे." फोन ठेवून त्याने टेबलावरची धूळ बोटाने पुसली.

"दुसऱ्याला दिलं त्यांनी. थोडंफार उरलं तर कळवतील."

रत्नमालाने चौकटीवरचा हात काढला.

"तुम्ही मला येऊन विचारायचं होतं, ताई."

"विचारलं आसतं तर सांगितलं आसतं का तुमी?"

शिवराजने खोका टेबलाच्या कडेला सरकवला. महिनाभर तो काचेआड पाठमोरा उभा राहत होता, हे त्यालाही आठवले असेल.

"डेनिसला संध्याकाळी सांगतो," तो शेवटी म्हणाला. "आत्ता तिकडे रात्र आहे. झोपला असेल बिचारा."

"हितल्यांना मी सांगते."

"मी सांगू का?"

"नको. मीच बोलले होते."

तिने यंत्रे थांबवायला लावली आणि सांगितले. तिला वाटले होते कुणी ओरडेल, कुणी विचारेल. तसे काही झाले नाही. एकीने हातातला पेढ्याचा कागद चुरगाळून खिडकीतून बाहेर फेकला. मनकर्णाबाई रत्नमालाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि यंत्र सुरू केले. तनुजाने पर्स खांद्याला लावली.

"कुठं निघालीस?" रत्नमालाने विचारले.

"बिडकीनला फोन लावायला," तनुजा म्हणाली. "बाहेर रेंज चांगली आसती."

शेडमध्येही रेंज होती. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस ती रत्नमालाशी बोलली नाही. कट्ट्यावरचे आपले लिहिणे तिने पुसून टाकले, पण तोपर्यंत लोकांनी ते दहा ठिकाणी उतरवून घेतले होते आणि बातमी तिच्यावाचून फिरत राहिली. ती कंपनी बंद झाल्याचे जाहीर झाले तेव्हासुद्धा काही जण लिहीत होते, की नवा खेळ येणार आहे, भारतात त्याचे काम चालू आहे.

वाळूजकडून उरलेसुरले काम आले. ते सगळ्यांना पुरणारे नव्हते. पाळीपाळीने घरी राहायचे ठरले. मनकर्णाबाई म्हणाल्या, माझी कामाची पाळी लहान लेकरं आसलेल्यांना द्या, आणि त्या यायच्याच थांबल्या. रविवारी विहारात रत्नमालाला त्या दिसत. वंदना झाली की "जयभीम, रत्ना" म्हणत आणि नातीचा हात धरून पायऱ्या उतरत. आधी त्या तिच्यासाठी थांबत असत.

एका संध्याकाळी शेडचे दार ओढून घेताना रत्नमालाने तनुजाला गाठले.

"उद्या आपली दोघींची सुट्टी हाय. बिडकीनला जाऊ. मी बोलते त्यांच्याशी."

"त्यांनी फोनवर नाय म्हणलं."

"फोनवरचं येगळं आसतं. मी सांगते, पोरीचा दोष नाय, माझ्या सांगण्यावर तिनं नाय म्हणलं."

तनुजाने खांदे उडवले. पण सकाळी क्रांती चौकात ती आली होती, इस्त्रीचा कुर्ता घालून आणि प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन. बसमध्ये दोघी मागेपुढे बसल्या.

नव्या वसाहतीतले रस्ते चारचार गाड्या शेजारून जातील एवढे रुंद होते आणि त्यांवर चिटपाखरू नव्हते. दोन कारखान्यांच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात कुणीतरी अजून कपाशी लावलेली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकीलाच आत सोडता येईल म्हणून सांगितले. तनुजा कुंपणालगतच्या कठड्यावर टेकली. पिशवी तिने रत्नमालाजवळ दिली.

आत गार हवा होती. भरतीचे काम पाहणारी अधिकारी तिशीचीही नसावी. टेबलावरच्या पाटीवर राजनंदिनी असे नाव होते. तिने रत्नमालाला खुर्ची दिली, पाणी मागवले, सगळे मन लावून ऐकून घेतले.

"मावशी, मला वाईट वाटतं. पण त्यांनी नाही म्हटल्यावर आम्ही पुढच्या मुलीला घेतलं. ती कामावरही आली. आता तिला मी काय सांगू?"

"नाय, तिला कशाला..." रत्नमाला म्हणाली. त्या दुसऱ्या मुलीचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. ती पिशवी सावरून उठली.

"तुम्ही स्वतः काय काम करता तिथं?"

"वाइंडिंगच, तार गुंडाळायचं. बायकांच्या कामावर लक्ष ठेवते. नवीन पोरी आल्या की शिकवते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून, आधी दुसरीकडं, मग सरांकडं. माझी विशाखा आता कॉलेजात हाय."

राजनंदिनीने पेन खाली ठेवले. "बसा जरा," ती म्हणाली.

रत्नमाला बाहेर आली तेव्हा ऊन कठड्यावर आले होते आणि तनुजा ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती. तिने लांबूनच रत्नमालाच्या चेहऱ्याकडे पाहायला सुरुवात केली. फाटकापर्यंत यायला वेळ लागत होता. सांगता येण्यासारखे बरेच होते. बघतो म्हणल्या. नाव लिहून घेतलंय. दिवाळीनंतर परत भरती हाय. यातले कुठलेही तोंडातून सहज निघाले असते आणि निदान घरी पोहोचेपर्यंत तरी पोरीला बरे वाटले असते.

"काय म्हणल्या?"

रत्नमालाने पिशवी तिच्या हातात दिली.

"तुझी जागा भरली. दुसरी पोरगी कामावर आली बी."

तनुजाने मान हलवली. मग म्हणाली, "येवढा येळ मग काय चाललं होतं?"

पहारेकरी त्यांच्याकडे बघत होता. रस्त्याच्या टोकाला बस दिसू लागली होती.

"मला ये म्हणल्या. पोरींना शिकवायला."

तनुजा तिच्याकडे बघत राहिली. उन्हामुळे तिचे डोळे बारीक झाले होते.

"तुमी काय म्हणल्या?"

"काय नाय अजून. कळवते म्हणले."

बस आली. तनुजा आधी चढली आणि खिडकीशी बसून तिने पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. रत्नमाला मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. कंडक्टर तिकिटे देऊन गेला. बस त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून वळली आणि पैठण रस्त्याला लागली. पुढच्या थांब्यावर माणसे चढली, रेटारेटी झाली, आणि एका बाईने जागेकडे बोट करून विचारले, इथं कुणी बसलंय का.

"व्हय, ताई हायेत," तनुजा म्हणाली. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.